खुर्चीकडून अंगणाकडे



ताराबाई मोडक राजकोटच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्रिन्सिपॉल होत्या. त्या काळी बाईमाणसाला केवढा मान! ती खुर्ची सोडून १९२३ साली त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या. कशासाठी, तर चिमुरड्यांच्या बालमंदिरासाठी. पुढे १९४५ साली, त्रेपन्नाव्या वर्षी, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातले बोर्डी गाठले. आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. शंखशिंपले, पाने, बिया हेच साहित्य. कोसबाडला तर गुराख्यांच्या पोरांसाठी कुरणात शाळा भरली.

त्रेपन्न हा आकडा मला फार धीर देतो. आपली मुले मोठी झाली, डबे कमी झाले, की लगेच ‘आता देवदेव करा’ असे ऐकू येते. देवाचे मला वावडे नाही हो, पण सगळी दुपार?

ताराबाई बी.ए., मी सातवी. मी काही कॉलेज काढणार नाही. पण समोरच्या बांधकामावरच्या मजुरांची दहाबारा पोरे दिवसभर वाळूत बसलेली असतात, आणि मंडळाची खोली दोन ते चार कुलूपबंद! किल्ली अध्यक्षीणबाईंकडे आहे. सोमवारपासून मी येते. आणखी दोघी हव्यात, आणि हातपाय धुवायला एक मोठी बादली.