क्रांती कुणाची, १७८९ ची की १७९१ ची?
(अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



मी मॅट्रिक. गोदीत गोण्या वाहतो, रात्री कविता खरडतो. मागच्या वर्गात एक शिकलेला भाऊ म्हणाला, आधी क्रांतीची व्याख्या वाचून ये. आलोय वाचून.

हा शब्द मुळात आभाळातला. आपल्याकडं सूर्याच्या वाटेला क्रांतिवृत्त म्हणतात, संक्रांत त्यातलीच. कोपर्निकसचं १५४३ सालचं पुस्तक ग्रहगोलांच्या रेव्होल्यूशनवर. म्हणजे फिरायचं आणि निघालो तिथंच यायचं! १६८८ ला इंग्लंडात राजा बदलला, तीही रेव्होल्यूशन. करणारे म्हणाले, आम्ही फक्त जुने हक्क परत आणले. नवं केलं म्हणायची लाजच वाटायची.

१७८९ ला पॅरिसनं हे चाक मोडलं. क्रांती म्हणजे नवी सुरवात झाली. पुढं मार्क्सनं तिला वर्ग दिला, लेनिननं पक्ष. हे तुम्हाला पाठ आहे. माझं अडतं ते दुसरीकडं.

ऑगस्ट १७८९ ला फ्रान्सनं जाहीर केलं, माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान. त्याच फ्रान्सच्या सें-दोमँग वसाहतीत सुमारे ५ लाख काळी माणसं गुलाम. ऊस तोडायचा, साखर गाळायची. (साखरेची गोण घेतलीय मी खांद्यावर. घामात विरघळते, मान सोलते.) जाहीरनाम्यातल्या 'माणसं'त ती नव्हती. ऑगस्ट १७९१ ला ती उठली, मळे पेटवले. १७९४ ला पॅरिसला गुलामगिरी रद्द करावी लागली. नेपोलियननं पुन्हा फौज धाडली. त्यांचा पुढारी तुसाँ लूव्हर्त्यूर १८०३ ला फ्रान्सच्या तुरुंगात मेला, पण १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र झालं. १८२५ ला फ्रान्सनं त्यांच्याकडंच १५ कोटी फ्रँक भरपाई मागितली. कुणासाठी? मळेवाल्या मालकांसाठी!

मला विचाराल तर समता त्या मळ्यात जास्त कळली होती.

डिसेंबर १९२७ ला महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या सभेची तुलना १७८९ च्या व्हर्सायच्या सभेशी केली. तळ्याचं पाणी नाकारलेल्या माणसांची सभा! पुढं त्यांनी बुद्धाच्या धम्माला क्रांती म्हटलं आणि ब्राह्मणी राज्याला प्रतिक्रांती. चाक उलटंही फिरतं, हे त्यांनी हेरलं. ते अपुरं लिखाण छापून यायला १९८७ उजाडलं.

आमच्या टोळीत अजून डबे वेगळे बसतात. पुढारी म्हणतो, आधी वर्ग. परवा विचारलं, साहेब, तुमची क्रांती १७८९ ची की १७९१ ची? तो चहा सांगायला उठला. चहा आला. माझा कप कान तुटलेला.