गाठ रक्तावर वाढते
बैठकीत बायका आम्हाला विचारतात, यकृतातली कर्करोगाची गाठ वाढते कशी? तण पिकाचं पाणी ओढतं, तशी ही गाठ नव्या रक्तवाहिन्या तयार करवून रक्त ओढते. या वाहिन्या वेड्यावाकड्या, गळक्या असतात. म्हणून औषधही आत नीट पोचत नाही. त्या सुधारल्या तर औषध पोचेल, असं २००१ साली डॉ. राकेश जैन यांनी मांडलं. आज रक्तवाहिन्यांवरची औषधं इम्युनोथेरपीसोबत देतात. पण गाठ उशिरा सापडली, तर उपचार अवघड. म्हणून आम्ही दोन गोष्टी सांगतो. हिपॅटायटीस बी हे या कर्करोगाचं मोठं कारण. बाळाला जन्मानंतर २४ तासांत त्याची लस टोचून घ्या. घरात कुणाला सिरॉसिस असेल, तर दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी चुकवू नका.