अनेक वाटा, एक उगम

तंजावर जिल्ह्यातील तिरुवैयारु हे गाव पाच नद्यांच्या नावाने ओळखले जाते. कावेरी, कुडमुरुट्टी, वेट्टारु, वेण्णारु आणि वडवारु या त्या नद्या होत. श्रोत्यांपैकी ज्यांनी हा प्रदेश पाहिला असेल, त्यांना वरच्या अंगाचे कल्लणै धरण आठवेल. तेथे कावेरीचे पाणी शाखांमध्ये विभागले जाते. ही वाटणी समान नसते. शाखेच्या सामर्थ्यानुसार पाणी सोडावे लागते, आणि पुराचा लोंढा कोळ्ळिडम नदीकडे वळविला जातो.

अनेक इंटरनेट-जोडण्या एकाच वेळी वापरणाऱ्या बहुमार्गी जाळ्याचे तत्त्वही याच प्रकारचे आहे. संगणकाचा संदेश पॅकेट नावाच्या लहान तुकड्यांनी जातो. साध्या व्यवस्थेत एका संभाषणाची सारी पॅकेटे एकाच जोडणीवरून जातात. २०१३ साली प्रायोगिक स्वरूपात आणि २०२० साली सुधारून प्रसिद्ध झालेल्या मल्टिपाथ टीसीपी या पद्धतीने मात्र एकच संभाषण अनेक जोडण्यांवर वाटता येते.

येथे नदीचा दृष्टांत अपुरा पडतो. पाणी कोणत्याही क्रमाने पोहोचले तरी शेत भिजते. संदेश मात्र क्रम चुकल्यास निरर्थक होतो. म्हणून प्रत्येक पॅकेटावर क्रमांक असतो, आणि पलीकडचा संगणक ती पुन्हा ओळीने लावतो. एक मार्ग फार मंद असेल, तर वेगाने आलेल्या पॅकेटांनाही मागे राहिलेल्यांची वाट पाहावी लागते. यास्तव पाठविणारा संगणक प्रत्येक मार्गाचा विलंब व गर्दी सतत मोजीत असतो. एखादा मार्ग तुटल्यास, पोच न मिळालेली पॅकेटे तो दुसऱ्या मार्गाने पुन्हा पाठवितो.

परंतु मार्ग खरोखर वेगळे असतील तरच हे साधते. ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळावरील दोन निरनिराळ्या केबली एकाच दिवशी निकामी झाल्या आणि भारताचा परदेशांशी असलेला इंटरनेट-संपर्क मंदावला. केबली दोन होत्या. संकटाची जागा एकच होती. नोव्हेंबर २०१८ मधील गज चक्रीवादळाने कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील विजेचे खांब पाडले. वीज गेल्यावर दोन कंपन्यांच्या दोन जोडण्या असूनही उपयोग नसतो.

तिरुवैयारुच्या पाचही प्रवाहांत कावेरीचेच पाणी वाहते. मेट्टूरचा जलाशय आटला की पाचांनाही टंचाई भासते. तेव्हा एखाद्या रुग्णालयाने वा ग्रंथालयाने दुसरी जोडणी घेण्यापूर्वी एवढे अवश्य विचारावे: या दोन वाटा कोणत्या खांबावर, कोणत्या चरात, कोणत्या वीजवाहिनीवर एकत्र येतात? त्याचे उत्तर मिळाल्यावाचून दुसरी जोडणी हा केवळ दुप्पट खर्च ठरण्याचा संभव आहे.