मांजराचं इन्सुलिन

मांजर सारखं पाणी पितंय, भरपूर खाऊनही वाळत चाललंय, तर त्याची रक्तातली साखर तपासून घ्या. मधुमेह निघाला तरी हबकू नका. इंदूरजवळ महूला 1955 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. इंदूरकरांना सल्ल्यासाठी फार लांब जावं लागत नाही.

इन्सुलिनची सुरुवात बहुधा एखाद्या युनिटने, दर बारा तासांनी, पोटात अन्न गेल्यावर. कुशीवरची सैल कातडी चिमटीत धरायची आणि सुई आत सरकवायची. ती इतकी बारीक असते, की कित्येक मांजरं खाता खाता टोचून घेतात. खरी जोखीम सिरिंजची. आपल्याकडे 40 आणि 100 अशा दोन ताकदींचं इन्सुलिन मिळतं. 40 ला लाल टोपणाची सिरिंज, 100 ला नारिंगी. अदलाबदल झाली, तर डोस अडीचपट चुकतो. दुकानातच बाटली आणि सिरिंज शेजारी धरून आकडा जुळवा.

डोस जास्त होऊन साखर उतरली आणि मांजर झोकांड्या खाऊ लागलं, तर हिरड्यांना मध चोळा आणि लगेच डॉक्टर गाठा. उपचार लवकर सुरू झाले, दूध-पोळीऐवजी मांसाहार मिळाला, तर काहींचं इन्सुलिन पुढे सुटतंही. मात्र आहार असो वा डोस, डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका.