अंगणातले दिवे आणि पावसाचे पाणी



आता देवळापुढे, अंगणात एलईडीच्या पट्ट्या लागतात. उजेड छान पडतो. अशी पट्टी बहुधा १२ किंवा २४ व्होल्टवर चालते. घरची वीज असते २३० व्होल्टची. ती उतरवून देणारी डबी मधे लागते. तिला पॉवर सप्लाय म्हणतात. या डबीत पाणी शिरले, तर जिवाशी गाठ आहे.

मग डबी कशी निवडायची? आपल्याला आता वाचता येते. डबीवर ‘आयपी’ ही अक्षरे शोधा. पुढे दोन आकडे असतात. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. २० असेल तर डबी घरातच ठेवावी. ६५ असेल तर ती पाण्याचा फवारा सोसते. ६७ असेल तर १ मीटर पाण्यात अर्धा तास राहिली तरी पाणी आत जात नाही.

मग व्होल्ट जुळवा. १२ च्या पट्टीला २४ ची डबी लावली, तर पट्टी जळेल.

वॅटही मोजा. मीटरला १० वॅट, तर ५ मीटरला ५० वॅट. डबी निदान ६० वॅटची घ्या. बैलावर रोज पुरते ओझे लादले, तर बैल बसतो. तसेच हे.

आणि डबी चांगली, पण वायरचा जोड उघडा, तर काय उपयोग? जोड पाणबंद पेटीत घ्या. जोडणी जाणत्या वायरमनकडूनच करा.

म्हणून दुकानात आधी आकडे वाचा, मग पैसे द्या.