बंद पडलेल्या अणुभट्टीचे काय करायचे?



अमेरिकेच्या मेन राज्यात विस्कॅसेट नावाचे छोटे गाव आहे. तिथले मेन यांकी अणुवीज केंद्र १९७२ साली सुरू झाले आणि १९९७ मध्ये ते कायमचे बंद करायचे ठरले. मोडायला आठ वर्षे लागली.

गिरणी बंद पडली तर यंत्रे भंगारात काढता येतात. अणुभट्टीचे पोलाद मात्र वर्षानुवर्षे न्यूट्रॉनचा मारा सोसून स्वतःच किरणोत्सारी झालेले असते. म्हणून आधी इंधन बाहेर काढून खोल पाण्यात निववत ठेवतात, नळ्यांच्या आतला थर रसायनांनी धुऊन काढतात. मेन यांकीत भट्टीच्या पोटातले भाग पाण्याखालीच कापले, तेही बारीक कठीण कणी मिसळलेल्या पाण्याच्या झोताने. कामगार वर, कापणी खाली, मधे पाणी. किरण अडवणारा आणि तरी आरपार दिसणारा इतका स्वस्त आडोसा दुसरा नाही! पुढे भट्टीचे अवजड पात्र बार्जवर चढवून समुद्रमार्गे साउथ कॅरोलायनात पुरायला नेले. २००४ मध्ये भट्टीवरचा घुमट सुरुंग लावून पाडला.

काम चोख झाले. पण वापरलेले इंधन? ते तिथेच आहे. पोलाद आणि काँक्रीटची साठ पिपे, भोवती कुंपण, सशस्त्र पहारा. १९९८ पासून हे इंधन ताब्यात घेण्याची कायदेशीर जबाबदारी सरकारची होती. नेवाडातल्या युक्का डोंगरात ते पुरायचे ठरले, पण विरोध आणि राजकारण यांत तो प्रकल्प अडकला. केंद्राची मालक कंपनी न्यायालयात गेली, आणि आता पहाऱ्याच्या खर्चाची भरपाई सरकारी तिजोरीतून होते. ज्या मुलांनी या केंद्राची वीज कधी वापरली नाही, त्यांच्या करातून हा पैसा जातो. मला हे फार अन्यायाचे वाटते.

आपल्या पालघर जिल्ह्यातल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ च्या, म्हणजे मेन यांकीहूनही जुन्या. भारतात वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करण्याचे धोरण आहे; तरी शेवटी उरणारा जहाल कचरा काचेत गोठवून सांभाळावाच लागतो. केंद्रे मोडण्याच्या खर्चासाठी अणुविजेच्या दर युनिटमागे दोन पैसे बाजूला काढले जातात. ते पुरतील का? तो कचरा कायमचा कुठे जाणार? तारापूरच्या पंचक्रोशीतल्या ग्रामसभांनी हे प्रश्न भट्ट्या मोडायला घेण्याआधीच विचारावेत, आणि सरकारने त्यांना लेखी उत्तर द्यावे.