वेगवान विजेची गाडी : रोजची आणि लांबची

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी वक्ता नाही. उभा जन्म कारखान्यात मशीन दुरुस्त करण्यात गेला. तिथे बोलण्यापेक्षा ऐकायचं काम जास्त, कारण मशीन कुठे दुखतंय ते आवाजावरून कळायचं. आज मला इथे उभं केलंय ते बी विंगखाली उभ्या असलेल्या त्या काळ्या गाडीने. ती आल्यापासून लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक जण दोनच प्रश्न विचारतो. "काका, रोज ऑफिसला न्यायला बरी आहे का?" आणि "लांब गेलात तर वाटेत बंद नाही ना पडत?" शेवटी सेक्रेटरी म्हणाले, लिफ्टमध्ये एकेकाला सांगत बसण्यापेक्षा हॉलमध्ये सगळ्यांना एकदाच सांगून टाका.

आधीच कबूल करतो, गाडी मुलाची आहे. हप्ते तो भरतो. पण विजेचं मीटर माझ्या नावावर आहे, त्यामुळे मलाही बोलायचा थोडा हक्क आहे.

२५ वर्षांपूर्वी आपण कोथरूडला या इमारतीत राहायला आलो, तेव्हा आवारात मोजून सहा चारचाकी होत्या. त्यातल्या चार मारुती ८००. त्या गाडीची ताकद ३७ हॉर्सपॉवर. आमच्या या महिंद्रा बीई ६ ची २८६. म्हणजे जवळजवळ आठ मारुती एका बॉनेटखाली, आणि बॉनेट उघडलं तर इंजिनच नाही! थांबलेल्या अवस्थेतून १०० चा वेग ६.७ सेकंदांत गाठते असं कंपनी सांगते. आणि ही काही सगळ्यात वेगवान नव्हे. बीवायडी सीलचं सर्वांत वरचं मॉडेल तेच काम ३.८ सेकंदांत करतं.

हे कसं जमतं? पेट्रोलचं इंजिन आधी फिरावं लागतं, तापावं लागतं, मग गिअर बदलत बदलत जोर येतो. विजेच्या मोटरला पहिल्या क्षणापासूनच पूर्ण जोर असतो. मिक्सर आठवा. बटण दाबलं की लगेच घुर्रर्र. तरुण मंडळींना वाटतं हे सगळं आजचं आहे. पण रस्त्यावरच्या गाडीने ताशी १०० किलोमीटरचा टप्पा पहिल्यांदा ओलांडला तो १८९९ साली, पॅरिसजवळ, आणि ती गाडी बॅटरीवरची होती. कामिल जेनात्सी हा बेल्जियन गृहस्थ ती चालवत होता.

आता पहिला प्रश्न. रोजच्या वापराला ही गाडी कशी?

मुलगा हिंजवडीला जातो. जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर. त्यातला निम्मा वेळ तो पुढच्या टेम्पोचा मागचा फाळका वाचत असतो. पेट्रोलची ताकदवान गाडी अशा वेळी जागेवर उभी राहून पेट्रोल पिते. विजेच्या गाडीत सिग्नलला मोटर थांबलेलीच असते, एसीपुरती वीज जाते. पाय उचलला की मोटर उलटी जनरेटरचं काम करते आणि गाडी हळू होताना थोडी वीज परत बॅटरीत जाते. म्हणून पेट्रोलच्या उलट हिशेब आहे : शहरात ही गाडी कमी खाते, हायवेला जास्त. मोटर मोठी आहे म्हणून गर्दीतलं खाणं फारसं वाढत नाही. थाळी मोठी असली तरी आपण भुकेपुरतंच जेवतो, तसं.

आमचा हिशेब सांगतो. चाळीस किलोमीटरला, चार्जिंगमधली गळती धरून, सात युनिट. महिन्याला पावणेदोनशेच्या आसपास. पहिलं बिल आलं तेव्हा सौभाग्यवतींनी मला चष्मा आणून दिला, कारण स्लॅबच बदलला होता. तरीही पेट्रोलशी तुलना केली तर खर्च निम्म्याहून बराच खाली राहतो.

आणि हे सात युनिट भरायला काय लागतं? फास्ट चार्जर लागत नाही. गिझरला असतो तसला १६ अँपिअरचा सॉकेट, नीट अर्थिंग केलेला. त्यातून तीन किलोवॉटच्या आसपास मिळतात. म्हणजे अडीच तास. आपण रात्री आठ तास झोपतो.

तोटेही आहेत. गाडी वजनाने दोन टनांच्या आसपास, टायर रुंद आणि महाग. पाय जड असेल तर ते लवकर झिजतात. रुंदीही आपल्या खांबांच्या मानाने जास्त. २५ वर्षांपूर्वीच्या आर्किटेक्टने दोन खांबांमधलं अंतर मारुती डोळ्यांसमोर ठेवून काढलं असणार. आणि जो पिकअप मिळवायला पैसे मोजले, तो कर्वे रोडला वापरायचा कुठे? महिन्यातून दोनदा, पुलाच्या चढावर, चार सेकंद.

आता जे सांगतो ते इथे यायचं ठरलं तेव्हाच ठरवलं होतं. तुमच्यापैकी काहींना माहीत आहे, काहींनी वेगळंच ऐकलं असेल.

गाडी येऊन पाचवा दिवस. मुलगा गावाला गेला होता. मी गाडी पार्किंगमधून बाहेर काढत होतो. मागच्या वेळी तो सर्वांत जोरदार मोडवर ठेवून गेला होता, ते मी पाहिलंच नाही. आपल्या गेटपाशी चढ आहे. जुन्या गाडीला तिथे जरा जोर द्यावा लागायचा, तेवढाच पाय मी दाबला. गाडीने आवाज केला नाही, उडी मारली. मी ब्रेकवर आलो तोवर वॉचमनची प्लॅस्टिकची खुर्ची बंपरखाली चिरडली होती. वॉचमन त्याआधी अर्ध्या मिनिटापूर्वी पाण्याचा पंप बंद करायला उठला होता.

खुर्ची दुसऱ्या दिवशी नवी आणून दिली. मात्र त्या रात्री मला झोप लागली नाही. चाळीस वर्षं गाडी चालवतोय, एक ओरखडा नाही असं मी सगळ्यांना सांगत आलो होतो. चूक गाडीची नव्हती, माझ्या पायाच्या सवयीची होती. इंजिन गुरगुरलं की माणूस सावध होतो, पाय हलका करतो. मुलंही बाजूला होतात. इथे ती सूचना मिळत नाही. आपल्या आवारात संध्याकाळी वीस-पंचवीस पोरं खेळतात, म्हणून हे सगळ्यांसमोर सांगतो.

तेव्हापासून घरात नियम आहे. गाडी बंद करण्यापूर्वी सर्वांत सौम्य मोडवर आणायची. गेटच्या आत पाय ब्रेकवर, गाडी आपली आपणच सरकते तेवढ्याच वेगाने. नव्या माणसाला आधी मोकळ्या मैदानात तासभर सराव. पहिल्यांदा घेणाऱ्या प्रत्येकाने हे करावं, साठीच्या पुढच्यांनी तर नक्कीच.

आता दुसरा प्रश्न, लांबचा प्रवास.

दिवाळीत आम्ही नागपूरला गेलो. सातशे किलोमीटरच्या आसपास. छत्रपती संभाजीनगरपर्यंत साध्या रस्त्याने, पुढे समृद्धी महामार्ग. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे. इथे शाळेतलं विज्ञान आठवा. वेग दीडपट झाला की हवेचा विरोध सव्वादोनपट होतो. म्हणजे ८० ने जाताना जो विरोध, त्याच्या सव्वादोनपट १२० ला. कंपनीच्या कागदावर एका चार्जला ६८० किलोमीटर लिहिलंय. ती प्रयोगशाळेतली चाचणी. आम्हाला कोथरूड-हिंजवडीत ५०० च्या आसपास दिसतं आणि समृद्धीवर १२० ने ४०० सुद्धा नाही. शंभरवर आणलं की लगेच फरक दिसतो. वेगवान गाडीची गंमत अशी की ती लांब न्यायची तर हळू चालवावी लागते.

घाटाचा हिशेब तुम्हाला जास्त उपयोगी पडेल, कारण आपण मुंबईला वरचेवर जातो. खोपोलीपासून लोणावळा साधारण साडेपाचशे मीटर उंच. चार माणसं आणि सामानासह ही गाडी तेवढी वर चढवायला नेहमीपेक्षा चारेक युनिट जास्त लागतात. उतरताना त्यातले अर्ध्याहून अधिक परत येतात. पण एक खुबी लक्षात ठेवा. लोणावळ्याला मुक्काम करून बॅटरी शंभर टक्के भरून खाली उतरू नका. भरलेल्या हंड्यात आणखी पाणी कुठे मावणार? वीज परत घेता येत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

नागपूरच्या वाटेवर आमची फजिती झाली ती चार्जिंगला. संभाजीनगरच्या अलीकडे एका हॉटेलच्या आवारात दोन गन होत्या. एकीच्या स्क्रीनवर "बंद आहे", दुसरीला आमच्या आधी एक गाडी लागलेली. बॅटरी नऊ टक्के. पुढच्या ठिकाणापर्यंत जाण्याची हिंमत नव्हती. नात भुकेली, रात्रीचे पावणेदहा. दीड तास थांबलो. आमचा नंबर लागला तेव्हा कळलं की गाडी १७५ किलोवॉटने वीज घेऊ शकते, चार्जर देतो फक्त ६०. जेवणारा तयार आहे, पण वाढप्याचा हात लहान! २० वरून ८० टक्के वीस मिनिटांत होतात हे खरं, पण तेवढा मोठा चार्जर समोर असेल तर. आम्हाला पाऊण तासाच्या वर लागला.

दोष आमच्याही नियोजनाचा होता. येताना शहाणे झालो. पंचवीस टक्क्यांच्या खाली जायचं नाही. दर थांब्याला दुसरा पर्याय आधीच शोधून ठेवायचा. ८० टक्क्यांना निघायचं, कारण पुढे बॅटरी सावकाश भरते. चार्जिंग जेवणाच्या वेळेला जुळवायचं. परतीचा प्रवास दोन थांब्यांत, भांडण न होता झाला. आणि खरं सांगतो, संध्याकाळी घरी पोहोचलो तेव्हा पाठ दुखत नव्हती, कानात घरघर नव्हती. ट्रकला ओलांडताना समोरून गाडी येतेय का, वेळ पुरेल का, ही धाकधूक कमी होते. ती ताकद तिथे उपयोगी पडते, मात्र त्या भरवशावर नको तिथे ओव्हरटेक करू नये.

मग घ्यावी का? माझं मत सरळ आहे. रोज तीस ते साठ किलोमीटर जाणं-येणं आहे आणि स्वतःच्या पार्किंगमध्ये प्लग आहे, तर खुशाल घ्या. पण त्या कामाला निम्म्या ताकदीची, निम्म्या किमतीची विजेची गाडीसुद्धा तितकीच चांगली. जास्तीचे पैसे हौसेचे आहेत, हे स्वतःशी कबूल करून द्या. वर्षातून चार-पाच लांबचे प्रवास असतील तर अडचण नाही. पण ज्यांना दर आठवड्याला पाचशे किलोमीटर घाईने जायचं असतं किंवा गाडी रस्त्यावर लावावी लागते, त्यांनी तूर्त थांबावं.

म्हणजे सगळं येऊन थांबतं पार्किंगमधल्या प्लगपाशी, आणि तो विषय आपल्या सर्वांचा आहे. स्वतःच्या घरगुती कनेक्शनवर स्वतःची गाडी चार्ज करायला सरकारची परवानगी आहे, वेगळा परवाना लागत नाही. पण आपली वायरिंग २५ वर्षांपूर्वीची. तेव्हा कोणी पार्किंगमध्ये वीज खाणारी गाडी येईल असं धरलं नव्हतं. आज तीन गाड्या आहेत. उद्या पंधरा झाल्या आणि सगळ्यांनी संध्याकाळी सातला प्लग लावले तर लिफ्ट, पंप आणि आपण, तिघेही अंधारात.

म्हणून कमिटीला तीन विनंत्या. एक, परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून इमारतीचा लोड तपासून घ्या. दोन, प्रत्येकाच्या मीटरवरून पार्किंगपर्यंत एकाच पद्धतीची केबल, अर्थिंग आणि ब्रेकर असा नियम करा. चौथ्या मजल्याच्या खिडकीतून लोंबणारी एक्स्टेन्शन बोर्डाची वायर मी परवा पाहिली, नाव घेत नाही, ते समोरच बसलेत! तीन, चार्जिंग रात्री अकरानंतर. खर्च ज्याची गाडी त्याचा. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्या मेंटेनन्समध्ये एक रुपयाही वाढता कामा नये, तरच हे सगळ्यांना पटेल.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण पाण्याच्या टँकरवरून भांडत एकत्र राहायला शिकलो. हेही जमेल. आणि हो, गेटवरची नवी खुर्ची मी दिलेली आहे. गाडी बाहेर काढताना रोज तिच्याकडे बघतो, मगच ब्रेकवरचा पाय उचलतो.

चहा तयार आहे. रौप्यमहोत्सवाच्या सर्वांना शुभेच्छा.